लिटरला वीस

इस्लामपूर,
९ नोव्हेंबर २०२५

सुभेदार गुंडा निकम (निवृत्त) यांना, अपमान होऊनही नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात आणि वर निरोप धाडलात, की काय असेल ते लेखी कळव. कळवतो. कॉलेज सोडल्यापासून हाताला लिहायची सवय राहिली नव्हती, तेवढाच सराव.

परवा मी साताऱ्याला तुमच्या घरी आलो तो राजनंदिनीला मागणी घालायला. एकटा आलो, मध्ये मामा-काका कुणी घातले नाहीत. दुसरा बाप असता तर त्यानं चहा तरी पाजला असता, नाहीतर पायताण तरी काढलं असतं. तुम्ही खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवलीत. अंगणात तुमची वीस वर्षांची लाल छोटी गाडी उभी. म्हणालात, "इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून आलायस न्हवं? मग ही घेऊन जा. आत्ता लिटरला बारा देते. संक्रांतीपर्यंत वीस काढून दाखव. काढलंस तर गाडी तुझी, आणि म्होरलं बोलणं बी करू."

दारात राजनंदिनी उभी होती. ती हसली. मला हसली की तुम्हाला, या एका प्रश्नावर माझे दिवस चाललेत.

गाडी घरी आणली. तुम्ही बारा म्हणालात, तिनं अकरा दिलं. साताऱ्यातून निघताना मी मुद्दाम यवतेश्वरचा घाट चढलो होतो. कारण उतरताना इंजिन बंद ठेवलं की फुकटचं ॲव्हरेज मिळतं असं आमच्या चौकातले जाणकार सांगतात. दुसऱ्याच वळणाला ब्रेक दगडासारखा झाला आणि गाडी करवंदीच्या जाळीत जाऊन थांबली. गाडीला काही झालं नाही. मला जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

तरी तुमची अट मला कबूल. कॉलेज सोडलं म्हणजे डोकं सोडलं असं कुणी समजू नये.

तुमचा (अजून कुणीच नसलेला)
वीरधवल


सातारा,
१५ नोव्हेंबर

चिरंजीव लिहावं का नाही ते ठरायचंय, तोवर नुसतं वीरधवल,

पत्र मिळालं. सगळी नोकरी फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात गेली, पण पेट्रोल वाचवायला आधी घाट चढणारा जवान पहिल्यांदा पाहिला. इंजिन बंद केलं की ब्रेकच्या मागची ताकदही बंद होते. हे बहुतेक तिसऱ्या वर्षाला शिकवत असतील.

वीसच का, ते ऐक. राजनंदिनी हीच गाडी घेऊन कॉलेजला जायची तेव्हा ती एकोणीस द्यायची. दोन वर्षं अंगणात उभी राहून ती बारावर आली. म्हणजे तुला मी डोंगर उचलायला सांगितलेला नाही. एकोणीसपर्यंत गाडी स्वतः येईल, तिला फक्त नीट वागव. वरचा एक तुझा.

सरांच्या टेबलावर स्वतःचं जर्नल फाडून तू कॉलेज सोडलंस असं ऐकतो. फाडायला दम लागत नाही. रोज थोडं थोडं दुरुस्त करायला लागतो. तो तुझ्यात आहे का, एवढंच मला बघायचंय.

आता कामाचं. जॅक लावून एकेक चाक उचल आणि हातानं फिरव. जे चाक फिरायला कुरकुर करेल, तिथं तुझं पेट्रोल जातंय. एअर फिल्टर काढून बघ, टायरात हवा भर, ऑइल बदल. आणि उजवा पाय हलका ठेव. बाकी सगळ्याचं स्पेअर मिळतं, त्याचं मिळत नाही.

गुंडा निकम


इस्लामपूर,
२८ नोव्हेंबर

सुभेदारसाहेबांना, फुकटच्या शिकवणीबद्दल दंडवत.

हवा भर, चाक फिरव, ही सायकलच्या दुकानातली कामं. मी मुळालाच हात घातलाय.

पहिलं वजन. मागची सीट काढली. ती आता आमच्या ओसरीवर आहे आणि आमचे दादा तिच्यावर मांडी घालून पेपर वाचतात. स्टेपनी, जॅक, एसी, मागचा बंपर, सगळं उतरवलं. डॅशबोर्डवरचा गणपतीही उतरवणार होतो, पण आई झाडू घेऊन आली.

मग वारा. गाडीच्या पोटाखाली वारा अडकतो, म्हणून खालून फ्लेक्स ताणून बसवला. नवीन फ्लेक्स परवडत नाही. एका साहेबांच्या वाढदिवसाचा जुना मिळाला. तोंड खाली आलंय. गतिरोधक आला की साहेब रस्त्याला नाक घासतात. गावात बऱ्याच जणांनी वाकून दर्शन घेतलं. चाकांवर वारा घसरावा म्हणून आईची स्टीलची चार ताटं रिव्हेट मारून बसवली, आणि पुढची जाळी पुठ्ठ्यानं बंद केली.

शिवाय पेट्रोलच्या नळीवर चुंबक. ते लावलं की पेट्रोलचे कण रांगेत उभे राहतात, असं जवाहर म्हणतो. जवाहर माझा सांगलीचा दोस्त, बापाचं स्पेअर पार्टचं दुकान सांभाळतो. दिवस मावळल्यावर जेवत नाही आणि खोटं बोलत नाही, म्हणून विश्वास ठेवला.

एवढं करून चौदा. पेठनाक्यावर गाडीनं एवढी वाफ सोडली की एकानं मला विचारलं, "उसाचा रस केवढ्याला दिलास रं?" पुठ्ठा काढल्यावर ती शांत झाली, मी नाही झालो. पंपावरच्या पोराशी भांडलो. तो म्हणाला, पेट्रोलात आता इथेनॉल असतंय, ॲव्हरेज थोडं पडणारच. आता बोला! इथेनॉल उसाचं. ऊस आमचा. म्हणजे माझ्या लग्नाच्या आड माझ्याच बापाचा ऊस आलाय.

राजनंदिनीला एवढं सांगा. तिनं फोन उचलला नाही तरी चालेल. तिला मी हजार पोरींत ओळखीन, नुसत्या उभं राहण्यावरून ओळखीन. ओळखायला मला पत्ता लागत नाही.

वीरधवल


सातारा,
६ डिसेंबर

वीरधवल,

तुझं पत्र राजनंदिनीनं मला वाचून दाखवलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अक्षर दिसत नाही. ती वाचते, मी सांगतो, ती लिहिते. तेव्हा तिच्यासाठी वेगळे निरोप देऊ नकोस. ते तिलाच मोठ्यानं वाचावे लागतात आणि मग चहा गार होतो.

चुंबक काढ आणि फ्रीजला लाव, तिथं निदान बिल तरी अडकवता येईल. तुझा जवाहर खोटं बोलत नसेल, पण खोटं विकायला बोलावं लागतंच असं नाही. साहेबांना गाडीखालून बाहेर काढ. एवढी लोळण त्यांनी निवडणुकीतही घेतली नसेल. गाडीला तोंडानं श्वास घ्यायचा असतो, तिथं तू पुठ्ठा लावलास.

आणि मागची सीट परत बसव. सीट काढून वाढलेलं ॲव्हरेज मी धरणार नाही असं म्हणत नाही, धरीन. पण चार माणसांची गाडी एका माणसाची करून तू नक्की काय वाचवलंस, ते मला समजलेलं नाही.

चाकं फिरवून बघितलीस का? तुझ्या पत्रात गावातलं सगळं भंगार आलं, तेवढं एक आलं नाही.

गुंडा निकम

ता. क. — हे बाबांनी सांगितलेलं नाही. आईची ताटं आईला परत दे. — रा.


इस्लामपूर,
२० डिसेंबर

सुभेदारसाहेब, आणि जे कोणी वाचत असतील त्यांना,

ताटं परत दिली. चारही भोकं पडलेली. आई आता त्यात कोथिंबीर धुते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या इंजिनेरनं केलंया." त्या एका ओळीसाठी मी ताटंच काय, घराची कौलं परत दिली असती.

चाकं फिरवली. मागचं डावं हातानं फिरेचना. उघडलं तर ब्रेकच्या आत गंजाचा थर, आणि हँडब्रेकची केबल अर्धी आवळलेली. म्हणजे गेला महिनाभर मी ब्रेक लावूनच गाडी पळवत होतो आणि शिव्या इथेनॉलला देत होतो. एअर फिल्टर काढला तर आत पाचटाची काजळी, चुलीतून काढावी तशी. सगळं साफ केलं, बदललं, हवा भरली. सतरा आलं! दोनदा मोजलं, तरी सतरा.

उजव्या पायाचंही खरं निघालं. पुढं कुणी हळू चाललं की माझं रक्त तापतं, मग मी दाबतो, मग ब्रेक मारतो, मग पुन्हा दाबतो. परवा एका बुलेटवाल्यानं कट मारला आणि मी त्याचा पाठलाग केला नाही. पायाला पेटका आला, पण नाही केला.

उरलेल्या तीनासाठी मात्र मी आता कुणाचं ऐकणार नाही. आमच्याकडं रिकामी गाडी कुणाला बघवत नाही. मी किल्ली उचलली की शालूबाई आत्या गुळाची ढेप घेऊन दारात उभी, "साताऱ्याला निघालास व्हय? एवढी घाल की." परवा काकवीचा डबा, त्याआधी भोपळे, आणि भोपळ्यांबरोबर भोपळ्यांची मालकीण. मी आत्याला सांगितलं, "संक्रांतीपतूर माझ्या गाडीत माणूस न्हाई आन् माल न्हाई." तिनं बोलणं टाकलंय. टाकू दे. राजनंदिनी घरात आली की तिला आणि सगळ्यांनाच हौसेनं फिरवीन.

सीट ओसरीवरच आहे.

वीरधवल


सातारा,
३१ डिसेंबर

वीरधवल,

सतरा ऐकून बरं वाटलं. बुलेटचं ऐकून जास्त बरं वाटलं.

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलंय. राजनंदिनी सोबत असेल. संक्रांतीच्या आत परत येऊ. तू सोयीनं इस्लामपूरला टाकी गळ्यापर्यंत भर, साताऱ्याला ये, इथल्या पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भर आणि हिशोब लिहून दे. मी साक्षीला कुणी ठेवत नाही. तू तापट आहेस, तिरसट आहेस, पण आकडा खोटा लिहिणार नाहीस.

सीटचं मी दुसऱ्यांदा लिहीत नाही.

गुंडा निकम

ता. क. — डोळ्यावर पट्टी बांधायला लागली तर बाबा तुझ्यासारखे दिसतील, असं मी त्यांना म्हणाले. त्यांना पटलं नाही. — रा.


सातारा, तुमच्याच ओट्यावरून,
१२ जानेवारी २०२६

सुभेदारसाहेब,

वीस! वीस आणि वर थोडं! पंपावरची पावती सोबत जोडलीय. दाराला कुलूप आहे, शेजारी म्हणाले आज मिरजेहून येणार, अजून पोचला नाहीत. मी दुपारपासून ओट्यावर बसलोय. दिवस कलला, दम निघेना, म्हणून लिहून तुमच्या जाळीच्या दारात खोचून जातो.

काय गाडी चालवली म्हणून सांगू! तुम्ही बघायला पाहिजे होतात. पायाखाली अंडं ठेवल्यासारखा पाय. पेठनाक्याच्या पुढं एक उसाचा ट्रॅक्टर गाठला. डबल ट्रॉली, मागं 'आटपाडीचा वाघ' लिहिलेलं, स्पीकर असा की माझ्या काचा नाचत होत्या. त्याच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून मी शेपटाला चिकटून चाललो. बॉनेटवर ऊस पडत होते. इतर वेळी मी त्याला थांबवून खाली ओढला असता. आज एक शब्द बोललो नाही. कासेगावला तो चहाला थांबला, मी पुढं निघालो.

पुढं माझी खरी परीक्षा झाली, आणि पास झालो म्हणून सांगतो. एक वडापची जीप बॉनेट उघडून उभी होती, माणसं रस्त्यावर सांडलेली. त्यातलं एक म्हातारं, डोळ्यावर हिरवा पडदा बांधलेला, पार डांबरावर येऊन दोन्ही हात हलवायला लागलं. आपली गाडी ओळखीची असावी तसं हसत होतं, आवं! मागं बाभळीखाली एक पोरगी, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, बॅगेवर बसलेली. क्षणभर वाटलं थांबावं. पण गाडी थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे केवढं पेट्रोल! वर दोन माणसांचं वजन, आणि बसवायचं कुठं, पत्र्यावर? लांब हॉर्न दिला, म्हाताऱ्याला बाजूला केलं आणि काटा पन्नासवरून हलू दिला नाही. आरशात बघितलं तर ते अजून हात वरच धरून उभं. जुना वीरधवल असता तर भावनेच्या भरात थांबला असता. तुम्ही मला शांत राहायला शिकवलंत, त्याचं हे फळ.

आता पुढचं बोलणं करायला कधी येऊ तेवढं कळवा. राजनंदिनीला सांगा, जिंकलो.

तुमचा (आता जवळजवळ कुणीतरी असलेला)
वीरधवल


सातारा,
१३ जानेवारी

वीरधवल,

उद्या संक्रांत. उद्या गोड बोलावं लागेल, म्हणून आजच लिहिते. बाबांनी काही सांगितलेलं नाही. हे सगळं पत्र माझं आहे.

म्हाताऱ्याचं नाव गुंडा निकम. स्कार्फवालीचं नाव तुला पाठ आहे.

जीप कासेगावच्या पुढं बंद पडली. बाबांना उन्हात उभं राहायचं नव्हतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्यांना सावलीला बसवलं होतं. तेवढ्यात त्यांना उघड्या डोळ्यानं लांबून लाल काहीतरी दिसलं. आवाजावरून ओळखलं त्यांनी. म्हणाले, "नंदे, आपली गाडी आली बघ. कसला गोड चाललाय आवाज. पोरानं केलं गं." आणि उठून रस्त्यावर गेले. ते हसत होते हे तू बरोबर पाहिलंस. तुला बघूनच हसत होते.

मी स्कार्फ सोडायला घेतला. गाठ सुटेपर्यंत तू गेला होतास.

हजार पोरींत ओळखणार होतास ना? तिथं मी एकटीच होते.

आम्हाला कुणी आणलं तेही ऐक. 'आटपाडीचा वाघ'. तोच, ज्याच्या आडोशानं तू तुझं पेट्रोल वाचवलंस. त्यानं न विचारता ट्रॅक्टर थांबवला, स्पीकर बंद केला, बाबांना स्वतःशेजारी बसवलं आणि धूळ जाऊ नये म्हणून डोळ्यावर स्वतःचा टॉवेल धरायला दिला. मी मडगार्डवर बसले. त्यानं कराडपर्यंत आणलं. त्याचं ॲव्हरेज काय पडलं ते आम्ही विचारलं नाही.

घरी आलो तर दारात तुझं पत्र. बाबा म्हणाले, वाच. मी वाचलं, सगळं, हॉर्नसकट. आवाजही चढवला नाही. बाबांनी जोडलेली पावती हातात घेऊन चाचपली. मग म्हणाले, "आकडा खोटा लिहिला न्हाई त्यानं. कागद काढ." गाडी नावावर करायच्या कागदांवर त्यांनी एका डोळ्यानं सही केलीय. सोबत जोडलेत. अट होती, वीस काढलंस तर गाडी तुझी. वीस काढलंस. गाडी तुझी.

पुढचं बोलणं करायचं ठरलं होतं, ते मी आत्ताच केलं.

राजनंदिनी


इस्लामपूर,
५ फेब्रुवारी

सुभेदारसाहेब आणि राजनंदिनी,

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. पहिली चार पत्रं फाडली. मग आठवलं, फाडायला दम लागत नाही.

माफी मागत नाही. हॉर्न वाजवून झाल्यावर माफीचा आवाज कुणाला ऐकू येणार?

ओसरीवरची सीट दादांच्या खालून काढून परत बसवली. दादा म्हणाले, "पुन्हा काय झालं आन्?" सांगितलं नाही. स्टेपनी, जॅक, सगळं जागेवर गेलं. शालूबाई आत्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, घाल काय घालायचं ते. तिनं गुळाच्या ढेपी घातल्या, भोपळे घातले, शेवटी स्वतः बसली आणि पेठनाक्यापर्यंत माझी आई-माई काढली. लय बरं वाटलं.

आता मी इस्लामपूर ते कराड रस्त्यावर एकही वर झालेला हात सोडत नाही. पण ही गोष्ट गावात फुटली. आता लोक कोपऱ्यावर माझी वेळ बघून उभे राहतात. परवा एकानं करडू आणलं. काल एक बाई मला म्हणाली, "रोज येळंवर येत जा रं, आमाला हापिसला उशीर हुतोय." पूर्वीचा मी असतो तर तिथंच उतरवली असती. मी म्हणालो, "व्हय काकी."

ॲव्हरेज तेरा. हे सांगायलाच पत्र लिहिलं. गाडी उत्तम आहे, ब्रेक सुटे आहेत, फिल्टर स्वच्छ आहे, पाय हलका आहे, आणि तेरा. कागद परत पाठवतोय. अट वीसची होती आणि आता वीस निघत नाही, म्हणून गाडी तुमची. किल्ली कधी आणून देऊ तेवढं कळवा. ओट्यावर बसणार नाही, देऊन लगेच जाईन.

वीरधवल


सातारा,
१६ फेब्रुवारी

वीरधवल,

पत्र या वेळी मी स्वतः वाचलं. एका डोळ्यानं, पण स्वतः. तुझं अक्षर घाण आहे.

कागद आणायला पोस्टमनला दोनदा यायला लागलं, मी घरी नव्हतो. त्यामुळं ते पुन्हा पाठवायचा आळस केलाय. ते इथं फळीवर आहेत. किल्ली आणायची गरज नाही.

करडू पुढच्या सीटवर बसवू नकोस, गिअरचा दांडा चघळतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पंचवीस तारखेला मिरजेला आहे. सत्तावीसला परत निघू. मागच्या वेळी जीप बंद पडली त्याच बाभळीखाली वडापमधून उतरून उभे राहू. तू त्या रस्त्यानं जात असलास तर हात करीन. थांबायचं का नाही ते तुझं तू बघ. थांबलास तर बसायचं का नाही ते आम्ही बघू.

मला जिथं आहे तिथंच उभं राहायला डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून डांबरावर येणार नाही. हॉर्न वाजवायची गरज पडणार नाही.

गुंडा निकम

ता. क. — मी स्कार्फ बांधूनच उभी राहणार आहे. — रा.